प्रिंटर ऑफलाइन दिसला तर आधी त्याचा पत्ता बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑफिसातला प्रिंटर बंद पडला की सगळे आधी आपापला कॉम्प्युटर रिस्टार्ट करतात, मग कोणीतरी टोनर काढून हलवून परत बसवतं आणि शेवटी मेकॅनिकला फोन. आमच्याकडे मागच्या महिन्यात हेच झालं आणि दोन दिवस गेले, खिडकीपाशी थांबलेल्या माणसांना आम्ही उद्या या म्हणत होतो, त्याचं फार वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

प्रिंटर ठणठणीत होता हो! सुट्टीत लाइट गेली, राउटर परत चालू झाला आणि त्यानं प्रिंटरला नवा आयपी अॅड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, एवढंच. आधी पत्त्यातला शेवटचा आकडा ३५ होता तो ४२ झाला, आणि आमच्या सगळ्या कॉम्प्युटरवर पोर्टमध्ये (प्रिंट कुठल्या पत्त्यावर पाठवायची त्या नोंदीत) ३५च. त्यात गंमत नाही पण गोंधळ असा की ३५ला पिंग केलं (त्या पत्त्यावर कोणी आहे का ते विचारलं) तर उत्तर येत होतं, म्हणून नेटवर्क ठीक आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. तो ३५ राउटरनं कोणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकला होता! म्हणून नुसत्या पिंगवर विसंबू नका, तो पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा, बहुतेक नेटवर्क प्रिंटरचं स्वतःचं पेज तिथं उघडतं.

त्याहून सोपं म्हणजे प्रिंटरच्याच पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढायचं, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. पान नीट निघालं म्हणजे टोनर-ड्रमचा दोष नाही, आणि त्यावर छापलेला आयपी कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्सशी ताडून बघायचा. आकडा १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, केबल बघा, केबल स्विचच्या (नेटवर्कच्या केबली जोडायच्या डब्याच्या) दुसऱ्या खाचेत लावून बघा. पत्ता जुळतोय आणि बाकीच्यांचं प्रिंट होतंय, तुमचंच नाही, तर बहुतेक तुमच्या क्यूमध्ये (प्रिंटच्या रांगेत) एखादी फाइल अडकलीय, प्रिंट स्पूलर सर्व्हिस (ही रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) थांबवून, अडकलेल्या फाइली काढून परत चालू करायची. पत्ता बरोबर, पेज उघडतंय, तरी ऑफलाइनच दिसतंय तर पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटर चालू आहे का हे कॉम्प्युटर ज्यानं विचारतो त्याची) टिक काढून बघा.

एक मात्र करू नका, कॉम्प्युटरवरून प्रिंटर डिलीट करून परत टाकायला जाऊ नका. आमच्या एका सहकाऱ्यानं तेच केलं आणि परत टाकताना अॅडमिनचा पासवर्ड मागितला, तो कोणाकडेच नव्हता. २०२१मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी त्रुटी सापडली, त्यानंतरच्या अपडेटपासून सर्व्हरवरून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला अॅडमिनचे हक्क लागतात.

आम्ही काय केलं तर तो मोबाइल वायफायवरून काढला, राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अॅड्रेसला (प्रिंटरचा कंपनीनंच दिलेला क्रमांक, तोही त्या कॉन्फिगरेशन पेजवर असतो) ३५ कायमचा राखून ठेवला आणि प्रिंटर बंद करून चालू केला. जुनाच आकडा परत दिला म्हणून, प्रिंटर डिलीट केलेला तो एक सोडला तर, एकाही कॉम्प्युटरला हात लावावा लागला नाही, अडकलेली पानं आपोआप यायला लागली. हे पहिल्याच सकाळी करता आलं असतं. ऑफिसांचे कॉम्प्युटर जे सांभाळतात त्यांना कळकळीची विनंती आहे की हा आकडा राखून ठेवा आणि कागदावर लिहून प्रिंटरवर चिकटवा, आमचा आता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

आपली,
एक ऑफिस कर्मचारी