तुला काय वेगळं आवतण द्यायचं होतं का?

प्रिय मित्रा,

तुझ्या कार्यक्रमाला मी आलो नाही म्हणून परवा फोनवर तू चिडून म्हणालास ना, "तुला काय वेगळं आवतण द्यायचं होतं का? ग्रुपवर टाकलं होतं की!" तेव्हा मला काही सुचलंच नाही, मी आपलं "तसं नाही रे" करत बसलो आणि विषय बदलला. पण ते वाक्य गेले चार दिवस डोक्यात घुमतंय. म्हणून आता लिहायलाच बसलो, लांबेल, पण वाच. भांडण उकरून काढत नाहीये, खरंच.

तर तुझा मेसेज मी पाहिला होता. फोटोवर छापलेलं "आपण सहकुटुंब उपस्थित राहावे". दोनशे जणांचा ग्रुप, खाली शंभर अंगठे, त्यात माझापण एक. आता मला सांग, ह्यात "आपण" म्हणजे कोण? मला तू आयुष्यात कधी आपण म्हणालायस का? मी ते वाचलं आणि माहिती म्हणून घेतली, की बरं, अमुक तारखेला ह्याच्याकडे कार्यक्रम आहे. मला बोलावलंय असं काही वाटलंच नाही, आणि आता तू म्हणतोस निमंत्रण होतं!

मग मी शब्दाच्याच मागे लागलो. तुला माझी खोड माहितीये, डोक्यात शिरलं की शिरलं. आपण आमंत्रण आणि निमंत्रण एकच समजतो ना? मी पण तेच समजत होतो, कुठला शब्द जास्त भारदस्त वाटतो त्यावर वापरायचो. पण पाणिनीने अष्टाध्यायीतल्या, म्हणजे त्याच्या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथातल्या, एकाच सूत्रात (3.3.161) दोन्ही शब्द वेगवेगळे घेतलेत. सूत्र आहे विध्यर्थाचं, म्हणजे 'करावे', 'यावे' हे रूप कुठल्या कुठल्या अर्थाने वापरतात त्याचं. आणि पुढे टीकाकारांनी फरक सांगितलाय तो असा की निमंत्रण म्हणजे नियोग, यायलाच लागतं, नाकारलं तर नाकारणाऱ्याला दोष. आणि आमंत्रण म्हणजे कामचार, आलात तर आनंद, नाही आलात तरी तुमची मर्जी. बघ, अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना हा प्रश्न पडलेला होताच की हे बोलावणं नाकारता येण्यासारखं आहे का नाही!

आणि मजा अशी की दोन्हीला क्रियापदाचं रूप एकच. 'यावे' म्हटलं की ती विनंतीपण होते आणि हुकूमपण होतो. तुझ्या त्या फोटोवरचं 'राहावे' पण तेच. मग ऐकणाऱ्याला कळणार कसं? शब्दावरून नाहीच कळत. कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि किती जवळ येऊन म्हणतंय ह्यावरूनच कळतं.

अजून एक सापडलं, ते तर मला फारच आवडलं. संस्कृत व्याकरणात संबोधनाला, म्हणजे कुणाला हाक मारताना नावाचं जे रूप होतं ना, त्याला 'आमंत्रित' म्हणतात. म्हणजे हाक मारणं आणि आमंत्रण देणं ह्याला शब्द एकच! नाव घेऊन हाक मारली की माणूस आमंत्रित झाला. माझी तक्रार काय होती ते मलाच तेव्हा नीट कळलं बघ.

इंग्रजीत तरी काय वेगळं आहे. तिथे एकच इन्व्हिटेशन सगळीकडे पळवतात. 'इन्व्हाइट पाठव' म्हटलं की काही शुद्धवादी लोक नाक मुरडतात, इन्व्हाइट हे क्रियापद आहे, नाम नाही वगैरे, पण नाम म्हणून ते सतराव्या शतकापासून चालत आलंय, तेव्हा ते भांडण आपण सोडून देऊ. आणि ते खाली आरएसव्हीपी लिहितात ना, ते फ्रेंच आहे, त्याचा अर्थच 'कृपया उत्तर द्या'. लोक त्याच्यापुढे अजून प्लीज लावतात म्हणजे दोनदा कृपया! तरी उत्तर कोणी देत नाही ती गोष्ट वेगळी.

वकिलांचं तर अजून भारी. दुकानाच्या काचेत वस्तू किंमत लावून ठेवली तर आपल्याला वाटतं दुकानदार विकायला बसलाय, पैसे टाकले की झाली आपली. इंग्लंडमध्ये 1960 साली एक केस झाली, फिशर विरुद्ध बेल. ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने काचेत बटणाचा चाकू ठेवला होता आणि असा चाकू विकायला काढणं कायद्याने गुन्हा होता. कोर्टाने त्याला सोडलं. का, तर काचेत ठेवणं हा कराराच्या भाषेत विक्रीचा प्रस्तावच नाही, ते नुसतं आमंत्रण, की या, तुम्ही आम्हाला प्रस्ताव द्या, मग आम्ही हो म्हणायचं का नाही ते ठरवू. वाचून मी हसत सुटलो, कारण "ये ना कधीतरी घरी" हे तंतोतंत तेच आहे रे! बोलावणं नाहीच ते. काचेत मांडून ठेवलंय फक्त. तू तारीख काढायचीस, तू फोन करायचास, मग ते बघणार. असली कधीतरीवाली आमंत्रणं माझ्याकडे ढीगभर पडलीत, तुझ्याकडेपण असतील.

पेपरवाल्यांचं वेगळंच. अपघाताला आमंत्रण, रोगराईला निमंत्रण, मृत्यूला आमंत्रण. साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. सुखाला आमंत्रण दिलं असं कोणी कधी छापलेलं मी तरी नाही वाचलं. डास मात्र मान ठेवतात हां, ग्रुपवर न टाकता सहकुटुंब येतात.

बरं, तुला जीमेलचं आठवतं का? 2004 च्या 1 एप्रिलला ते निघालं तेव्हा आतल्या कोणीतरी इन्व्हाइट दिल्याशिवाय खातंच मिळायचं नाही आणि प्रत्येकाकडे इन्व्हाइट मोजकेच, तर लोकांनी ते चक्क ईबेवर विकायला काढले होते. 2007 मध्ये सगळ्यांना उघडं केलं आणि त्या इन्व्हाइटची किंमत शून्य. वस्तू तीच, फरक एवढाच की आधी देणाऱ्याला विचार करायला लागायचा, आपल्याकडचे हे चार कुणाला द्यायचे? त्या चारात आपण आहोत हे कळण्यातच सगळी गंमत होती. फॉरवर्डला विचार लागतच नाही, बोट लागतं.

मशीनसुद्धा आता आपल्यापेक्षा रीत पाळतं. व्हॉट्सअॅपने 2019 पासून अशी सोय दिलीये की सेटिंग बदलून ठेवलं तर कोणी तुला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही, आधी तुला एकट्याला इन्व्हाइट येतं आणि तीन दिवसांत 'हो' म्हटलं नाही तर ते रद्द होतं. एकट्याला, आणि मुदतीसकट! ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये तरी हो, नाही, कदाचित अशी तीन बटणं असतात. त्यातल्या 'कदाचित'वर आख्खी ऑफिसं चाललीत.

आता खरं सांगतो. आधी मला वाटलं होतं की तुला लिहावं, बाबा रे, बोलवायचं तर नाही म्हणायची मोकळीक ठेवून बोलव, तेच सभ्य. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की तुझ्याकडून मला ते नकोच होतं. मोकळीक तर ग्रुपवर होतीच की, मी ती वापरली आणि आलो नाही, कुणाचं काही अडलं नाही, आणि तेच मला लागलं. मला तुझा फोन हवा होता, "येत नाहीस म्हणजे काय, तंगडं तोडीन" असा. म्हणजे आमंत्रण नको होतं, निमंत्रण हवं होतं. आणि तुझंही तेच झालं असणार, नाहीतर दोनशेजणांत मी नव्हतो हे तुला कशाला दिसलं असतं? तू मला धरूनच चालला होतास, घरच्या माणसाला कोण बोलवत बसतं म्हणून. मी बोलावण्याची वाट बघत होतो आणि तू येण्याची. गाढव आहोत दोघं.

आणि मी काय धुतल्या तांदळाचा नाही. मागच्या वर्षी माझ्याकडच्या कार्यक्रमाचा मेसेज मीपण असाच सगळ्यांना एका झटक्यात ढकलला होता, त्यात तूपण होतास. तू आलास मात्र. ते आठवल्यापासून जरा ओशाळल्यासारखं झालंय, तेवढं समजून घे.

तर, येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे. ग्रुपवर टाकलेलं नाही, टाकणारही नाही. हे पाणिनीवालं निमंत्रण आहे, दोषासकट. बघतो, कळवतो, कदाचित असलं काही लिहू नकोस, येताना काही आणू नकोस, आणि उशीर होणार असेल तर फोन कर, मी जेवायचा थांबतो.

तुझाच,
(नाव लिहायला लागतंय का आता?)