जुन्या भांड्यांचे टेबल : आधी कल्हई, मग सजावट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की पुरवण्यांमधून जुनी पितळी ताटे, तांबे, चिनी मातीच्या बरण्या यांनी सजवलेल्या टेबलांची छायाचित्रे येऊ लागतात. जुन्या बाजारातून एकेक नग वेचून पानं मांडण्याची ही हौस फार चांगली आहे. मोडीत जाऊन वितळणारी भांडी त्यामुळे पुन्हा घरात येतात. पण अशा छायाचित्रांत बिनकल्हईच्या, म्हणजे आतून कथलाचा थर न दिलेल्या, पितळी वाटीत टोमॅटोचे सार आणि तांब्याच्या पेल्यात ताक दिसते, म्हणून हे पत्र.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबट किंवा खारट पदार्थ त्याला थेट लागला की तांबे पदार्थात उतरते. चव बिघडते, रंग हिरवट होतो, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. आपल्याकडे याला ‘कळकणे’ हा नेमका शब्द आहे. दही, ताक, सोलकढी, चिंच-आमसुलाची आमटी, लोणचे यांना उघडे पितळ आणि तांबे दोन्ही वर्ज्य. वरणभात आमटीत कालवायचा असल्याने ताटालासुद्धा आतून कल्हई हवीच. नसेल तर त्यावर केळीचे पान घालावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

खरेदी पुण्याच्या जुन्या बाजारात करा (रविवार आणि बुधवार) किंवा मुंबईच्या चोर बाजारात (शुक्रवार सोडून). सोबत लोहचुंबक आणि लिंबाची फोड न्यावी. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. बुडाला अर्धा मिनिट लिंबू घासून तिथे चकाकी आली नाही, तर बहुधा वर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, चढवलेले असते. असे भांडे फुलांसाठी ठेवावे. चहाच्या जुन्या किटल्यांना तोटीपाशी झाळलेला सांधा असतो. ती करडी, नखाने ओरखडणारी रेघ शिशाची असू शकते. अशी किटली शोभेलाच बरी.

भांडे खरोखर जुने आहे का, हे काठावरच्या नावावरून बरेच कळते. आहेरात दिलेल्या ताटावर ठिपके टोचून नाव घातलेले असे. वर्षानुवर्षे राखेने घासले गेलेले ताट असेल तर त्या ठिपक्यांच्या कडा गुळगुळीत होतात, बोटाला टोचत नाहीत, आणि अक्षराच्या पोटात काळे साचलेले असते. हे काळे टोकरून काढू नये आणि नावही पुसून घेऊ नये. सहा ताटांवर सहा वेगळ्या घरांची नावे, यासारखी दुसरी शोभा नाही.

कल्हई करताना भांडे भट्टीवर तापवून नवसागराची पूड टाकतात, त्यावर कथील टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने आतून झरझर पसरवतात. ही कल्हई शुद्ध कथलाचीच हवी, शिसे मिसळलेली नको. पांढऱ्या कागदावर घासून पेन्सिलीसारखी काळपट रेघ उमटली तर शंका घ्यावी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवले की कल्हई गोळा होऊन बसते. तारेच्या घासणीनेही ती जाते. काठाशी किंवा बुडाच्या वळणावर पिवळे डोकावू लागले की पुन्हा करून घ्यावी.

बाहेरून उजळायला मूठभर चिंच अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून त्यात चमचाभर मीठ घालावे. पितळेवर हा कोळ दोन-तीन मिनिटांहून जास्त ठेवू नये. जास्त राहिला तर वरचे जस्त निघून जाते आणि तांबूस डाग पडतात, ते सहजासहजी घासून जात नाहीत. धुतल्यावर लगेच कोरडे पुसावे.

चिनी मातीची बशी टिचकी मारून घ्यावी. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. बरणीत पाणी भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावी, सकाळी ओले कडे दिसले तर ती लोणच्याला नको. जिच्या चकाकीवर बारीक तड्यांचे जाळे आहे, त्या बशीत हळद आणि तेल कायमचे मुरते.

आता मांडणी. एकसारखा संच नसला की टेबल विस्कळीत दिसते, अशी तक्रार असते. त्यावर उपाय आपल्या पानातच आहे. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये वरणभात. ही जागा प्रत्येक पानात तीच ठेवली की एक ताट पितळी, एक कांशाचे, एक चिनी मातीचे असले तरी नजर अडखळत नाही. मात्र ताटांच्या व्यासात इंचभराहून जास्त फरक नको आणि वाट्या एका उंचीच्या हव्यात. धातू, नक्षी, रंग खुशाल वेगळे असू द्या.

चूक होते ती मधल्या जागेत. ५ फूट बाय ३ फूट टेबलावर सहा माणसे, १२ इंची ताटे कडेपासून इंचभर आत ठेवली, तर मध्ये जेमतेम १० इंच रुंद आणि ३४ इंच लांब पट्टा उरतो. त्यात फुलांची १६ इंची परात बसतच नाही. परात बाजूच्या टेबलावर ठेवावी आणि मध्ये दोन ठेंगणे तांबे झेंडूचे. समई तर जेवणाच्या टेबलावर नकोच. वाढणाऱ्याचा पदर आणि ज्योत एका रेषेत येतात.

खाली जुन्या सुती लुगड्याची घडी घालावी, काठ बाहेर राहील अशी. जरीचे लुगडे वापरू नये. सुती कापडावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, पण धुवून उन्हात घातला की उडतो. जरीला एवढे ऊन आणि घासणे सोसत नाही.

आपल्या पुरवणीत अशा छायाचित्राखाली ‘आतून कल्हई केलेली’ किंवा ‘फक्त शोभेसाठी’ एवढे दोन शब्द छापावेत, ही विनंती. आणि जेवणे आटोपल्यावर पितळी भांड्यांतले उरलेले अन्न आधी स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यांत काढावे, गप्पा त्यानंतर.

– एक वाचक, पुणे