तिसऱ्या रकान्याबद्दल आभार

मॅडम,
स.न.वि.वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. आमच्यासारखी बाजारभावाची छोटी अ‍ॅप चालवणारे बरेच जण त्याच प्रश्नाशी झगडत असतील: अ‍ॅनालिटिक्ससाठी (म्हणजे लोक आपलं अ‍ॅप कसं वापरतात ते मोजायला) कुठलं टूल घ्यायचं?

तुमच्याआधी सल्ल्यासाठी ज्यांना विचारलं त्यांनी डेमो दाखवला. डेमोतला डेटा कायम देखणा असतो, फनेल (कुठल्या पायरीपर्यंत किती लोक पोचले त्याचा आलेख) कसा पायरीपायरीने सुबक उतरतो. एका एजन्सीने तर एकाच अ‍ॅपमध्ये तीन एसडीके (टूलचे मोजणी करणारे कोडचे तुकडे) बसवून दिले आणि रोजच्या वापरकर्त्यांचे तीन वेगळे आकडे हातात ठेवले. फरक का, विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘थोडाफार पडतोच.’ वर यूजर आयडी म्हणून शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर थेट पाठवले जात होते. गूगलच्या अटींमध्ये हे सरळसरळ निषिद्ध आहे, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर असं काही करताना हात थरथरायला हवा.

फरक का पडतो ते तुम्ही सांगितलंत. एक टूल यूटीसीने, जागतिक प्रमाणवेळेने, दिवस मोजत होतं, म्हणजे त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे 5.30 ला उजाडायचा. लिलावाला गाडी न्यायची असलेला माणूस त्याआधीच भाव बघून घेतो, तो आदल्या दिवशी मोजला जायचा. दुसरं टूल फोनच्या घड्याळावर विसंबून, तिसरं सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळ धरणारं. शिवारात रेंज नसताना दाबलेलं बटण त्याच्या लेखी रात्री दाबलेलं. शिवाय लॉगआउटनंतर ओळख रीसेट होत नव्हती, त्यामुळे एकाच फोनवरून लॉगिन करणारे बापलेक मिळून एक वापरकर्ता. टूल कितीही महाग घ्या, हे त्यात आपोआप सुटत नाही.

पण आभार मानायचे आहेत ते याहून बारीक गोष्टीचे. इव्हेंटच्या, म्हणजे अ‍ॅपमधल्या कुठल्या कृती मोजायच्या त्यांच्या शीटमध्ये ‘नाव’ आणि ‘पॅरामीटर’ (त्या कृतीचा तपशील) असे दोनच रकाने होते. तुम्ही शेजारी तिसरा काढलात आणि वर लिहिलंत, ‘हा आकडा पाहून कोण काय बदलणार?’ मग लॅपटॉप आमच्याकडे सरकवलात आणि गप्प बसलात. टूलचं नावसुद्धा काढलं नाहीत.

ज्या ओळीपुढे उत्तर सुचेना ती गेली. ‘स्क्रोल केलं’ गेलं, ‘मेनू उघडला’ गेलं. ‘कांदा भाव पाहिला’, ‘टोमॅटो भाव पाहिला’ अशी पिकागणिक लांबलेली रांग गेली. एकच ‘भाव पाहिला’ उरला आणि पीक, बाजार समिती हे त्याचे पॅरामीटर झाले. गूगलच्या फायरबेस या टूलमध्ये एका अ‍ॅपला वेगवेगळ्या नावांचे 500 इव्हेंट चालतात, एका इव्हेंटला 25 पॅरामीटर. पिकं गुणिले बाजार समित्या असं सगळं नावातच कोंबलं तर 500 ला किती वेळ लागणार? आणि ‘भाव मिळाला नाही’ हा इव्हेंट, जो कुणालाच सुचला नव्हता, तो या रकान्यामुळे आत आला. त्याच्यापुढचं उत्तर सगळ्यात स्पष्ट होतं: डेटा भरणारा माणूस दुसऱ्या दिवशी आधी त्या बाजार समितीचे भाव भरेल.

रकाना भरल्यावर किमतीचा हिशेबही कागदावर आला. काही टूल महिन्याला किती वापरकर्ते आले त्यावर पैसे घेतात, काही इव्हेंटच्या संख्येवर. समजा, रोज येणारे 50,000 लोक आहेत आणि प्रत्येकाचे दिवसाला 8 इव्हेंट, तर महिन्याला 1 कोटी 20 लाख. त्यात स्क्रोलचे माणशी 40 जोडले की आणखी 6 कोटी, तेही कुणी न बघण्यासाठी. लोक खूप पण वापर मिनिटभराचा, अशा अ‍ॅपला वापरकर्त्यांवरचं बिल सहसा जड जातं. गेमसारख्या अ‍ॅपचं नेमकं उलट.

मिक्सपॅनेल किंवा अ‍ॅम्प्लिट्यूड ही दुसरी टूल वाईट म्हणून नाकारली नाहीत, हेही लिहायला हवं. टीममध्ये एसक्यूएल (डेटातून हवं ते काढायची भाषा) लिहिणारं कुणी नसेल आणि रिटेन्शनचे, म्हणजे लोक परत येतात का याचे, प्रश्न रोज पडत असतील, तर त्यांचे पैसे वसूल होतात. आमच्याकडे एसक्यूएल येणारी मुलगी आहे, म्हणून फायरबेस आणि त्याला जोडलेलं बिगक्वेरी, हे गूगलचं कच्चा डेटा साठवायचं कोठार. तिथेही तुम्ही खाचखळगे आधीच दाखवलेत. डेटा साठवण्याची मुदत 2 महिन्यांवर असते, ती पहिल्याच दिवशी 14 महिने करायची, नाहीतर या कांद्याच्या हंगामाची मागच्याशी तुलना कशी करणार? बिगक्वेरीत डेटा जोडणी केल्यापासूनच येतो, मागचा मिळत नाही. बिगक्वेरीच्या सँडबॉक्स या फुकटच्या योजनेतली टेबलं 60 दिवसांनी पुसली जातात. पॅरामीटरची कस्टम डायमेन्शन (रिपोर्टात वापरायची आपली वर्गवारी) म्हणून नोंद केली नाही तर तो रिपोर्टात दिसत नाही, आणि उशिरा केलेली नोंद मागच्या तारखांना लागू होत नाही. इव्हेंट साधारण तासाभराने गठ्ठ्याने जातात, म्हणून चाचणी डीबगव्ह्यूमध्येच (नोंदी लगेच दाखवणाऱ्या पडद्यावर) करायची; रिपोर्ट उघडून ‘येत नाही, येत नाही’ म्हणायचं नाही.

कच्चा डेटा आपल्या ताब्यात हवा, हा तुमचा हट्टही पटला. फेसबुक अ‍ॅनालिटिक्स 2021 मध्ये बंद झालं, मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये अ‍ॅप सेंटर गुंडाळायला घेतलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही तऱ्हा.

महागडं टूल बसवून देण्याचं काम तुम्ही करता, हे आम्हाला माहीत होतं. तरी ‘इतक्यात नको’ म्हणालात. स्वतःचं काम कमी होईल असा सल्ला तोंडावर देणारी माणसं या धंद्यात आहेत, त्यांची जाहिरात होत नाही एवढंच. ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारून उत्तराची वाट पाहणारी त्याहून कमी.

नव्या आवृत्तीचे इव्हेंट ठरवताना आता कुणी आणखी एखादा इव्हेंट सुचवला की दुसरं कुणीतरी तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवतं. भांडणं होतात, पण शीट छोटी राहते.

आणि मॅडम, तुमचं बिल अजून आलेलं नाही. जीएसटी नंबर मेलवर पाठवलाय, तेवढं बिल धाडून द्या.

आपले,
बाजारभाव अ‍ॅपची मंडळी