जुन्या घराची खिडकी आणि परवानगीचा अर्ज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेड्यापाड्यांतील जुन्या, पारंपरिक घरांच्या खिडक्यांत फेरफार करण्यासाठी अनेक ठिकाणी नियोजन खात्याची परवानगी घ्यावी लागते, ही मालकांवर केलेली सक्ती आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, मात्र तिचा रोख चुकीच्या जागी आहे असे मला वाटते. परवानगी लागते हे दुखणे नव्हे. जुनी खिडकी जपून दुरुस्त करणारा आणि ती उखडून नवी बसवणारा, या दोघांना बहुतेक ठिकाणी एकाच अर्जाच्या रांगेत उभे केले जाते, हे खरे दुखणे आहे.

साध्या ग्रामीण घरावर नक्षीकाम फारसे नसते. जाड भिंत, उतरते छप्पर आणि भिंतीतल्या मोजक्या खिडक्या एवढ्यावरच त्याचे रूप उभे असते. त्यामुळे खिडकीची उंची-रुंदी, ती भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून किती आत बसवली आहे, तावदानांमधल्या पट्ट्या किती बारीक आहेत, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी तेथे फार मोलाच्या ठरतात. तीच खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेशी आणून बसवली, की तिच्यावर पडणारी सावली नाहीशी होते आणि दर्शनी भिंत सपाट दिसू लागते. प्लॅस्टिकची चौकट लाकडी चौकटीपेक्षा बरीच जाड असते, म्हणून भोक तेवढेच राहिले तरी काच कमी होते आणि खोलीत येणारा उजेडही घटतो. काचेचेही तसेच. जुन्या काचेतल्या लहरी पाहून ‘काच हळूहळू खाली ओघळते’ असे पुष्कळ लोक सांगतात, पण ते खरे नाही. काच फुगवून, फिरवून किंवा नळकांडे करून ते उलगडून बनवली जात असे, त्या पद्धतीच्या या खुणा आहेत. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची पद्धत 1959 मध्ये जाहीर झाली आणि पुढे जगभर पसरली. तेव्हापासून लहरींची काच बाजारात सहज मिळेनाशी झाली. एकदा फोडून टाकलेली अशी काच पुन्हा मिळवणे अवघड असते.

प्रश्न केवळ दिसण्याचा असता, तर मी एवढे लिहिले नसते. चुन्यात किंवा मातीत बांधलेली जाड भिंत ओल शोषून घेते आणि पुन्हा बाहेर सोडते. नव्या चौकटीभोवती सिमेंट थापले आणि फटी सिलिकॉनने बंद केल्या, की ओलीची ही वाट अडते, पाणी चौकटीपाशी साठते आणि काही वर्षांत आतला गिलावा सुटू लागतो. जुन्या खिडकीच्या फटींतून जी थोडी हवा खेळत असे तीही थांबली, तर स्वयंपाकाची आणि माणसांच्या श्वासाची वाफ थंड भिंतीवर जमून बुरशी धरते. खिडकी रुंद करण्यातला धोका तर याहून मोठा आहे. खिडकीवरची लाकडी किंवा दगडी तुळई वरच्या भिंतीचा भार दोन्ही बाजूंना वाटून देत असते. तिला नीट टेकू न देता भोक वाढवले, तर तडे त्या एका खिडकीपुरते राहत नाहीत. म्हणून भोकाचा आकार बदलणाऱ्या प्रत्येक कामाची कोणीतरी जाणकाराने तपासणी करावी, यात मला काहीही गैर वाटत नाही.

या बाबतीत इंग्लंडचा 1990 चा सूचीबद्ध, म्हणजे जतन करण्याजोग्या म्हणून सरकारी यादीत नोंदवलेल्या, इमारतींविषयीचा कायदा पाहण्याजोगा आहे. ज्या बदलामुळे सूचीबद्ध घराच्या वैशिष्ट्याला बाधा येते, त्यासाठी तेथे स्वतंत्र संमती लागते. हे संरक्षण केवळ दर्शनी भागाला नसून मागच्या बाजूच्या आणि आतल्या भागांनाही असते, आणि संमतीशिवाय असे काम करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. अनधिकृत काम पूर्ववत करण्याची नोटीस बजावायला काळाची मर्यादा नसल्यामुळे पूर्वीच्या मालकाने केलेल्या चुकीचा भार नव्या मालकावर येऊ शकतो. हे कठोर आहे खरे. पण मूळ पद्धतीने, त्याच साहित्यात केलेल्या साध्या दुरुस्तीला तेथे सामान्यतः संमती लागत नाही. आपल्या चर्चेत शिक्षेची बाजू येते आणि ही सवलतीची बाजू मागे पडते. त्याच देशात 1696 ते 1851 या काळात खिडक्यांवर कर होता आणि तो टाळण्यासाठी अनेकांनी खिडक्या बुजवल्या. अशी बुजवलेली खिडकी आता उघडायची झाली तरी आधी विचारावे लागू शकते, कारण ते बुजवणेही आता त्या घराच्या इतिहासाचा भाग झाले आहे. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटते, पण मला त्यातला विचार पटतो.

आता मालकाच्या अडचणींविषयी. थंडी, धूळ, पावसाची झड, रस्त्याचा आवाज आणि चोरीची भीती या गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या सोसणाऱ्याला सौंदर्याचे धडे देणे योग्य नाही. मात्र या प्रत्येक त्रासावर खिडकी काढून टाकणे हाच इलाज असतो, ही समजूत तपासून पाहावी. कुजलेला भाग बहुधा खालच्या आडव्या लाकडापुरता असतो. तेवढा कापून चांगल्या लाकडाचा तुकडा जोडता येतो. जुन्या खिडक्यांत वापरलेले सावकाश वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड आजच्या घाईने वाढवलेल्या लाकडापेक्षा अनेकदा अधिक टिकाऊ असते. झडपा घट्ट बसाव्यात म्हणून कडांना पट्टी लावता येते आणि आतल्या बाजूने काचेची दुसरी खिडकी बसवता येते. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने जुन्या खिडक्यांवर केलेल्या चाचण्यांत, लाकडी कवाडे किंवा आतली दुसरी काच यांमुळे काचेतून बाहेर जाणारी उष्णता निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. ही दुसरी खिडकी मूळ चौकटीला धक्का न लावता बसते आणि उद्या काढायची झाल्यास काढताही येते, हा तिचा मोठा गुण आहे.

मी एका घरी पाहिलेली गोष्ट सांगतो. मालकाला दोन खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या बदलायच्या होत्या. कार्यालयाने त्याच्याकडून संपूर्ण घराचे नकाशे मागितले आणि अर्ज कित्येक महिने पडून राहिला. दरम्यानच्या पावसाळ्यात दोन्ही चौकटी इतक्या कुजल्या, की अखेर त्या बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जपण्यासाठी केलेल्या नियमाने येथे नुकसानच केले, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले.

म्हणून माझी विनंती अशी की, त्याच लाकडात आणि त्याच मापात होणाऱ्या दुरुस्तीला परवानगीची अट नसावी, काम सुरू करण्यापूर्वीचे छायाचित्र आणि एक साधे पत्र पुरेसे मानावे. पूर्ण खिडकी बदलायची असेल, तर अर्जात प्रत्येक खिडकीची स्वतंत्र नोंद असावी, ती दुरुस्त का होऊ शकत नाही याविषयी अनुभवी सुताराचे मत असावे आणि नव्या चौकटीचा उभा-आडवा छेद, म्हणजे ती कापल्यास जशी दिसेल तो नकाशा, खऱ्या मापात काढून जोडावा. ‘लाकडी खिडकी, जुन्यासारखी’ एवढ्या शब्दांवर मंजुरी दिली जाते, आणि प्रत्यक्षात दुप्पट जाडीच्या पट्ट्यांची, एका फळीसारखी दिसणारी खिडकी येऊन बसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अर्ज करण्याआधी मालकाला कार्यालयातील जाणकाराशी जागेवरच बोलता यावे, आणि नकार द्यायचा झाल्यास पर्याय काय आहे हेही त्या नकारपत्रात लिहिलेले असावे.

आपला नम्र,
एक वास्तुरचनाकार वाचक