विषय: हार्डडिस्कची इमेज (हुबेहूब पूर्ण कॉपी) न घेता चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम) चालवल्याबद्दल तक्रार, आणि माझी डिस्क परत मिळण्याबाबत

नमस्कार सर/मॅडम,

माझी जुनी ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क तुमच्या सेंटरला डेटा रिकव्हरीसाठी दिली होती, बिल आणि जॉबशीटचा फोटो सोबत जोडलाय. मी डीटीपीचं काम करते आणि पेजमेकरच्या जुन्या फाइल्स उघडायला एक्सपीचा कॉम्प्युटर अजून ठेवलाय. त्याच्या डी ड्राइव्हवर आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं सगळं काम होतं, घराघरातून मागून आणलेले जुने वर्गांचे फोटो स्कॅन करून ज्याचे त्याला परत दिले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावातल्या कितीतरी घरांतले ते मूळ फोटो गेले, शाळेच्या कपाटातल्या सीडी पण गेल्या. माझा कॉम्प्युटर माडीवर होता म्हणून वाचला, म्हणजे आता ते फोटो फक्त या डिस्कवरच होते.

फोल्डर उघडताना फाइल करप्टेड अँड अनरीडेबल असा मेसेज यायला लागला आणि नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसायला लागली. रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर चेकिंग सुरू होणार होतं ते मी बटण दाबून थांबवलं आणि मशीन बंद करून डिस्क काढून तुमच्याकडे आणली. काउंटरवर स्पष्ट सांगितलं होतं की यावर काहीही राइट करू नका, आधी इमेज घ्या. तुमच्या मुलाने मान डोलावली, जॉबशीटवर "इमेज फर्स्ट" असं स्वतःच्या हाताने लिहिलं पण.

आणि परत काय दिलंत तर पेनड्राइव्हवर फाउंड डॉट ०००  नावाचं फोल्डर, आत फाइल००००, फाइल०००१ अशा सीएचके फाइल्सची रांग. फोन केला तर इंजिनियर म्हणाला "मॅडम चेकडिस्क मारलं, एरर सगळे गेले." अहो एरर गेले म्हणजे काय झालं? डी ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा आहे, चेकडिस्क त्यात फाइल टेबल (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे त्याची नोंद) दुरुस्त करताना जे जुळत नाही ते तोडून टाकतं, नाव नाही फोल्डर नाही, तुकड्यांच्या सीएचके फाइल्स करून ठेवतं आणि हे सगळं मूळ डिस्कवरच लिहितं. आधी डीडीरेस्क्यू या इमेज घेणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर कॉपी घेतली असती तर हे सगळं कॉपीवर करून बघता आलं असतं, चुकलं तर पुन्हा नवी कॉपी. रिकव्हरीचा बोर्ड लावलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, वेळ वाचवायला केलंय.

मी एका फाइलचं एक्स्टेन्शन जेपीजी करून उघडून बघितली. वरच्या ओळीतले मास्तर आणि मुलींचे चेहरे दिसतात, त्याखाली सगळा करडा पट्टा. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली पोरं गेली. कोणाकोणाच्या घरात वडिलांचा शाळेतला तो एकच फोटो होता!

आणि बिलावर लिहिलंय "९८% डेटा रिकव्हर्ड". जीबी मोजून टक्के काढलेत, एकतरी फाइल उघडून बघितली का? तुमच्या जाहिरातीत "नो डेटा नो चार्ज" आहे, तरी दोन हजार ॲडव्हान्स घेऊन वर साडेसात हजार मागताय आणि ते दिल्याशिवाय डिस्क देणार नाही म्हणताय. डिस्क माझी आहे, ती अडवून ठेवायचं कारणच नाही.

माझी डिस्क आहे तशी परत द्या, आणि तोवर ती पुन्हा कुठल्याही मशीनला जोडू नका, कारण सेक्टरमध्ये अजून बरंच शिल्लक असू शकतं आणि मी दुसरीकडे दाखवणार आहे. ॲडव्हान्स परत हवा, बाकीचं बिल रद्द. शिवाय डिस्कवर कोणती कमांड कधी चालवली ते तारखेसकट लेखी हवंय, पुढच्या रिकव्हरीवाल्याला ते लागेल.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाणार, "इमेज फर्स्ट" लिहिलेली जॉबशीट माझ्याकडे आहे. पैशाचं नंतर बघू, डिस्क मात्र आधी पाठवा.

आपली ग्राहक