कोड नंबर बिलावर लिहून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला, स्वतःची पिकअप स्वतःच चालवतो, द्राक्षाच्या सीझनला वाशी मार्केट आणि एरवी मिळेल ते भाडं. आमच्याकडं कुठल्याही वस्तीवर जा, एखाद्याच्या दारात तरी पिकअप उभी दिसणारच, आणि डॅशबोर्डवरची ती इंजिनाच्या चित्राची पिवळी लाईट लागली की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण लाईट कशामुळं लागली हे त्याला कोणी धड सांगतच नाही. त्याबद्दलच लिहितोय, जमलं तर छापा.

गेल्या सीझनला वाशीला माल टाकून परत येताना पुण्यातनं ड्रिपच्या पायपा भरल्या. खंबाटकी चढायला लागलो आणि निम्म्या घाटात पिवळी लाईट लागली आणि गाडीनं पिकअपच सोडला, ॲक्सिलेटर तळाला दाबला तरी इंजिन पुढं ओढेना. मागनं ट्रकवाले हॉर्न मारतायत, मी दुसऱ्या गिअरवर कडेकडेनं. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली तर सपाटीला व्यवस्थित पळाली, पुढच्या चढाला परत तेच.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली. पोरानं स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं बिघाडाचा जो नंबर (कोड) साठवलेला असतो तो वाचायचं यंत्र, स्क्रीनवर काहीतरी बघितलं, बटण दाबून लाईट घालवली आणि म्हणाला, "पंपाचा कोड आलाय, हाय प्रेशर पंप आणि चारी इंजेक्टर करायला लागतील, ६५ हजार धरून चाला." कोड कुठला म्हणून विचारलं तर म्हणे डिलीट केला. ६५ हजार म्हणजे माझे कितीतरी फेऱ्यांचे पैसे साहेब, त्या रात्री मला झोप लागली नाही.

चार दिवसांनी लाईट परत लागली तेव्हा मिरजेच्या एका जुन्या मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी कोड डिलीट न करता आधी कागदावर लिहिला, पी-००८७, आणि मला समजावून सांगितलं की ह्याचा अर्थ एवढाच, कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचं प्रेशर पाहिजे त्यापेक्षा कमी पडतंय. पंप गेला असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. मला पटकन कळलं, कारण आपल्या बागेत टोकाच्या झाडाला पाणी कमी आलं म्हणून आपण थेट बोअरची मोटर बदलत नाही ना, आधी फिल्टर धुतो, लॅटरल कुठं फुटलीय का बघतो, व्हॉल्व्ह बघतो. प्रेशर कमी यायला फिल्टर जाम असेल, डिझेलात पाणी असेल, टाकीकडनं येणारा पाईप हवा ओढत असेल, रेलचा सेन्सर चुकीचं सांगत असेल, एखादा इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडं परत, जास्त डिझेल सोडत असेल, आणि हे सगळं तपासून झाल्यावर मग पंप.

त्यांनी फिल्टरच्या आधी एक पारदर्शक नळी जोडली, गाडी चालू करून रेस केली आणि मला जवळ बोलावलं. नळीतनं डिझेलबरोबर बारीक बारीक बुडबुडे पळत होते. गाडी एअर घेत होती. टाकीकडनं येणारा रबरी पाईप क्लिपखाली चिरला होता, चीर बाहेरनं दिसत पण नव्हती, बोटानं वाकवल्यावर उघडली. नुसत्या आयडलिंगला तेवढं प्रेशर पुरत होतं, घाटात लोडवर इंजिन जास्त डिझेल मागायला लागलं की कमी पडायचं. नवा पाईप, दोन क्लिपा, फिल्टर आणि मजुरी सगळं मिळून दोन हजाराच्या आत. जुना फिल्टर त्यांनी माझ्यासमोर कापून बघितला, आत धातूचा चकाकणारा चुरा असता तर पंप खरंच खराब झालाय आणि मग वाद घालायचा नाही, असं ते म्हणाले. चुरा नव्हता.

त्यांच्याकडनं शिकलो ते दुसऱ्या गाडीवाल्यांना पण उपयोगी पडेल म्हणून सांगतो. कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, बी बॉडीचं आणि यू म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. त्यापुढचा आकडा शून्य असेल तर बहुतेक सगळ्या कंपन्यांना अर्थ एकच, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा कोड, तो मोबाईलवर शोधून दुसऱ्याच गाडीचा अर्थ आपल्या गाडीला लावू नका. पी-०२९९ म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी, पण आधी ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचा होस बघा, क्लिपपाशी ऑईलनं ओला झालाय का आणि रेस केल्यावर सूं आवाज येतो का. पी-०२०१ म्हणजे एक नंबर इंजेक्टरचं सर्किट, म्हणजे नुसती वायर किंवा कपलर पण असू शकतो, आणि आपल्याकडं गाडी शेडात चाऱ्याशेजारी उभी असते, उंदीर वायरी कुरतडतात हे काय नवीन नाही. एकदम पाच-सहा कोड आले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरकडचा फिल्टर, भरल्याचा कोड आला आणि गाडी रोज गावातल्या गावातच फिरत असेल तर काजळी जळायला लागणारी उष्णताच सायलेन्सरला मिळत नाही, तेव्हा डीपीएफ काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोडबरोबर कॉम्प्युटर त्या क्षणाचं रीडिंग पण साठवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला, आरपीएम किती, लोड किती, स्पीड किती, इंजिन किती तापलं होतं. माझा फॉल्ट चढाला लोडवर आला हे त्यात लिहिलेलं असणार, पहिल्या गॅरेजनं कोड डिलीट केला तेव्हा ते पण पुसलं गेलं. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की कोड पुसायच्या आधी कोड नंबर आणि ते रीडिंग बिलावर लिहून द्यायची पद्धत सगळ्या गॅरेजनी पाडावी. लिहायला दोन मिनिटं पण लागत नाहीत, आणि दुसऱ्या मेस्त्रीकडं जायची वेळ आली तर गिऱ्हाईकाच्या हातात काहीतरी राहतं. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमाच्या, आल्या, सेन्सर वाढले, पण गाडीवाल्याला समजावून सांगणारी माणसं तेवढी वाढली नाहीत. आपल्या भागातल्या आयटीआयनी रविवारी दोन तास चालक-मालकांना स्टिअरिंगखालचं ते १६ पिनांचं सॉकेट दाखवून स्कॅनर कसा वाचायचा एवढं जरी शिकवलं तरी मी माझी गाडी घेऊन येईन, प्रॅक्टिकलला.

आपल्या पेपरात शेतीच्या पानावर औषधांचं वेळापत्रक येतं तसं आठवड्याला एक कोड आणि त्यात आधी काय तपासायचं एवढी छोटी चौकट द्यावी ही विनंती. माझ्या गाडीला आजवर आलेले कोड, तारीख, किलोमीटर आणि शेवटी काय निघालं हे मी आता वहीत लिहून ठेवतो, पाहिजे असेल तर त्या पानांचे फोटो पाठवतो.

आपला,
एक पिकअपवाला
तासगाव, जि. सांगली