बास्केटबॉलला लिलाव नको, ड्राफ्ट हवा

मा. संपादक,
स. न.

टेनिस बॉल क्रिकेटसारखा खेळाडूंचा लिलाव बास्केटबॉललाही लावायचा, असे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या संयोजकांच्या मनात असेल तर त्यांनी तो विचार सोडावा, ही कळकळीची विनंती. बास्केटबॉलमध्ये मैदानात पाचच जण असतात. सहा फूट दोन इंचांचे दोघे एकाच मालकाने पैशाच्या जोरावर उचलले, की स्पर्धेत राम उरत नाही. एवढी उंची आपल्या भागात आहे किती जणांकडे?

त्यापेक्षा ड्राफ्ट घ्यावा, म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडावा. आठ संघ असतील तर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा. पहिली फेरी १ ते ८, दुसरी उलट ८ ते १. चूक होते ती तिसऱ्या फेरीत, ती पुन्हा १ पासून धरली जाते. पहिल्या संघाला पहिली आणि सोळावी निवड मिळते, आठव्याला आठवी आणि नववी. बेरीज दोन्हीकडे १७ येते खरी, पण पहिल्या आणि आठव्या खेळाडूत जेवढी तफावत असते, तेवढी नवव्या आणि सोळाव्यात नसते. म्हणजे फायदा पहिल्या संघाचाच. म्हणून तिसरी फेरीही ८ पासून चालवावी आणि चौथी १ पासून.

संघांनी दुसरा उंच खेळाडू चौथ्या फेरीच्या आत घ्यावाच. पाच फाऊल झाले की सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच खेळाडू, बाहेर; मग हुकून परत आलेल्या चेंडूला (रिबाउंडला) उडी मारणारा कोणी राहत नाही.

अदलाबदल जरूर असावी, पण पुढच्या वर्षांच्या निवडी दुसऱ्या संघाला देण्याला लगाम हवा. क्लीव्हलँड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीच्या निवडी एकामागून एक देऊन टाकल्यावर एनबीएने (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगने) नियम केला, की लागोपाठच्या दोन वर्षांच्या अशा निवडी देता येणार नाहीत. तरीही २०१३ मध्ये ब्रुकलिन संघाने उतरत्या वयातल्या केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्ससाठी बोस्टन संघाला २०१४, २०१६, २०१८ च्या निवडी दिल्या, वर २०१७ ची निवड बदलून घेण्याचा हक्कही. नियमात सगळे बसले. पण ब्रुकलिन तळाला गेले तेव्हा त्यांची वरची निवड बोस्टनकडे होती. त्यातून जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम आले, आणि २०२४ चे विजेतेपद बोस्टनला या दोघांच्या बळावर मिळाले. आपल्याकडे फक्त चालू वर्षाच्या निवडी बदलू द्याव्यात, तेही निवडीच्या बदल्यात निवड, म्हणजे खेळाडूंची संख्या सारखी राहील.

शेवटच्या संघाला पुढल्या वर्षी थेट पहिली निवड देऊ नये, मुद्दाम हरणे सुरू होते. एनबीएत पहिली निवड सोडतीने ठरते; त्यात सर्वांत तळाच्या संघाला २५ टक्के संधी असे. २०१९ मध्ये ती तळाच्या तिघांनाही १४-१४ टक्केच केली गेली. इथे खालच्या चार संघांच्या तळाकडून ३, ३, २, २ अशा दहा चिठ्ठ्या एका डब्यात टाकाव्यात आणि चारही कर्णधारांसमोर पंचांनी त्यातली एक काढावी.

— एक बास्केटबॉल प्रशिक्षक, टिळकवाडी, बेळगाव